लहान मुलांच्या हॉस्पिटलात सणाच्या कार्यक्रमाला थेरपी डॉग्ज बोलवायचेत, काय काय बघावं लागतं?

खेळघरवाली_ताई

नमस्कार मंडळी. मी लहान मुलांच्या हॉस्पिटलात स्वयंसेवक आहे, म्हणजे खेळघर सांभाळणं, गोष्टी वाचून दाखवणं, चित्रं काढायला बसवणं वगैरे. सणाला दरवर्षी वॉर्डात छोटा कार्यक्रम असतो, गाणी, जादूचे प्रयोग, भेटवस्तू असं सगळं. यंदा मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं की थेरपी डॉग्ज, म्हणजे पेशंटना भेटायला खास शिकवलेले कुत्रे, बोलवूया, आणि सगळ्यांनी एकदम माना डोलावल्या, डॉक्टर मंडळींनी सुद्धा, आणि मग नेहमीप्रमाणे काम माझ्या गळ्यात पडलं 😅

माझ्या डोक्यात असं होतं की हॉलमध्ये मुलांना गोलात बसवायचं, मधे चार-पाच कुत्रे, त्यांना सणाच्या टोप्या-बिप्या, तोंडात छोटी टोपली आणि त्यातून ते मुलांना भेटवस्तू वाटणार, आपण फोटो काढणार. मस्त वाटत होतं. मग इन्फेक्शन कंट्रोलच्या मॅडमनी एकच प्रश्न टाकला, "ज्यांना खोलीबाहेर काढता येत नाही त्या मुलांचं काय?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर विचारायचं असं की कुठले कुत्रे चालतात? आमच्यातल्या एकाचा लॅब, म्हणजे लॅब्राडोर कुत्रा आहे, फार गुणी आहे, कधी भुंकत पण नाही, तो चालेल का? किती वेळ ठेवायचे? मुलं घाबरली तर? आणि प्रशासनासमोर नेमकं काय ठेवू म्हणजे ते हो म्हणतील? कुणी असं केलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

---

पट्टा_हातात

ताई, मी माझ्या कुत्रीला घेऊन हॉस्पिटल व्हिजिट करते, बरीच वर्षं झाली, मुलांच्या वॉर्डात पण. आधी वाईट बातमी सांगते, तो हॉलचा प्लॅन सोडून द्या. कुत्रे वाईट नसतात हो, पण कार्यक्रम नावाची गोष्टच कुत्र्याच्या मुळावर येते. माइक, टाळ्या, फुगे फुटतायत, तीस मुलं एकदम ओरडतायत, व्हीलचेअर, सलाइनचे स्टँड, गुळगुळीत फरशी, आणि त्यात चार कुत्रे जे एकमेकांना ओळखत पण नाहीत. आपल्याला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून जास्त, म्हणजे आपल्याला जी गंमत वाटते ती त्याच्या कानाला काय वाटत असेल बघा. चांगला ट्रेन केलेला कुत्रा पळून जाणार नाही, चावणार नाही, तो नुसता सहन करत बसेल. आणि सहन करणाऱ्या कुत्र्याचा मुलांना काडीचा उपयोग नाही.

सहन करतोय हे कसं कळतं? भूक नसताना जीभ ओठांवरून फिरवतो, झोप नसताना जांभया देतो, तोंड वळवतो पण डोळे तुमच्याकडेच, त्यामुळे डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरं दिसायला लागतं, कान मागे. कुणी मिठी मारून सोडली की अंग झटकतो, जसं काही अंघोळ झालीय. फोटोत हे सगळं "किती गोड हसतोय" असं दिसतं.

आता चांगली बातमी. कुत्रे आणा, त्याच दिवशी आणा, फक्त कार्यक्रमात आणू नका. कार्यक्रमाच्या आधी दोन दोन मुलांच्या भेटी, शक्यतो त्यांच्याच खोलीत किंवा खेळघराच्या एका शांत कोपऱ्यात. एक कुत्रा, एक हँडलर म्हणजे त्याला सांभाळणारा माणूस, आणि सोबत वॉर्डाचं एक माणूस ज्याला कुठल्या मुलाला काय चालतं ते माहितीय. हे तिसरं माणूस फार महत्त्वाचं, हँडलरला मुलाचा आजार कळायची गरज नसते, कळू पण नये.

खोलीत करायचं काय तर फारसं काहीच नाही. मी आधी नर्सला विचारते सलाइन कुठल्या हाताला, मग दुसऱ्या बाजूने जाते. बेडवर डिस्पोजेबल चादर टाकायची, तिच्यावर माझी कुत्री चढते आणि मुलाच्या गुडघ्याजवळ डोकं टाकून पडते. झालं. मुलं सुरुवातीला नुसती एका बोटाने कान चाचपतात. मग पंजा उलटा करून खालच्या गाद्या मोजतात. एकाने मला विचारलं होतं हिला पण सुया टोचतात का, मी म्हटलं दरवर्षी, कुठे टोचतात ते पण दाखवलं मानेजवळ. पुढची दहा मिनिटं तो तिला तेच समजावत होता की डोळे मिटून घ्यायचे आणि जोरात श्वास सोडायचा. तुमच्याकडे डॉक्टर-डॉक्टर खेळायचा स्टेथोस्कोप असेलच, तो आणि एक कापडी पट्टी जवळ ठेवा. मुलांना कुत्र्याच्या पायाला बँडेज बांधायला फार आवडतं. टोपलीतून भेटवस्तू वाटण्यापेक्षा हे शंभर पटीने चालतं.

आणि तो लॅब, नाही. गुणी असेल, घरात. थेरपी डॉगची संस्था कुत्रा आणि माणूस या जोडीची परीक्षा घेते, मागून भांडं पडलं तर काय करतो, कुणी वेडंवाकडं चाललं तर काय करतो, शेपटी ओढली तर काय, आणि माणूस कुत्र्याकडे बघतो का गप्पा मारत बसतो हे पण बघतात. शिवाय संस्थेचा विमा असतो, उद्या काही झालं तर तो लागतो. तुमचं प्रशासन पहिलं तेच विचारेल.

---

साबण_सिस्टर

वरच्या ताईंनी कुत्र्याची बाजू सांगितली, मी हात धुण्याची सांगते 😄 मुलांच्या वॉर्डातच नर्स आहे.

प्रशासनासमोर ठेवायला तुम्हाला कागद हवाय ना, तर हॉस्पिटल एपिडेमिऑलॉजीवाल्यांची, म्हणजे हॉस्पिटलात संसर्ग कसे पसरतात ते बघणाऱ्यांची, अमेरिकेतली संघटना आहे, शिया, त्यांनी २०१५ साली हॉस्पिटलात प्राणी आणण्याबद्दल सविस्तर शिफारशी दिल्यात. बऱ्याच ठिकाणचे नियम त्याच धर्तीवर असतात. त्यातलं मुद्द्याचं सांगते. भेटीला फक्त कुत्रेच आणावेत. कुत्रा निदान १ वर्षाचा हवा, २ असेल तर उत्तम, आणि निदान ६ महिने एकाच घरी राहिलेला, म्हणजे परवा दत्तक घेतलेलं पिल्लू नको. गेल्या ९० दिवसांत कच्चं मांस खाल्लेलं नको, कारण साल्मोनेला, कुत्रा ठणठणीत दिसतो आणि विष्ठेतून जंतू टाकत असतो. भेट जास्तीत जास्त १ तास. आखूड साधा पट्टा, तो लांब होत जाणारा नाही. एका माणसाकडे एकच कुत्रा.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे हात. मुलाचे, आईचे, भावाचे, नर्सचे, हँडलरचे, हात लावायच्या आधी आणि नंतर पण. लोक नंतर करतात, आधी विसरतात, आणि मग जंतू एका मुलाकडून कुत्र्याच्या केसांवर आणि तिथून पुढच्या खोलीत. कुत्रा स्वतः आजार आणतो यापेक्षा तो नेआण करतो हाच प्रश्न मोठा आहे, दाराच्या कडीसारखा. आता सॅनिटायझर बऱ्याच गोष्टींना पुरतं पण सी डिफिसिल नावाच्या जुलाबाच्या जंतूच्या बीजाणूंना अल्कोहोलने काही होत नाही, तिथे साबण-पाणीच लागतं. जुलाब चालू असलेल्या मुलाकडे तसंही कुत्रा न्यायचाच नाही.

चाटणं बंद. हातून खाऊ देणं पण बंद. कॅनडात २००९ साली हे तपासलं होतं, ज्या कुत्र्यांना पेशंटना चाटू दिलं किंवा पेशंटच्या हातून खाऊ दिला त्यांच्यात एमआरएसए (नेहमीच्या अँटिबायोटिक्सना दाद न देणारा जंतू) आणि सी डिफिसिल सापडायचं प्रमाण जास्त होतं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या लोकांनी तर कॅन्सरच्या मुलांना भेटणाऱ्या कुत्र्यांना आधी क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या शाम्पूने अंघोळ आणि भेटींच्या मधेमधे त्याच औषधाने पुसणं असं करून बघितलं आणि त्याने फरक पडला. पण हे शाम्पू आपल्या मनाने सुरू करू नका, व्हेटला म्हणजे जनावरांच्या डॉक्टरला विचारून, कातडी कोरडी पडते त्यांची.

अजून एक, तुमच्याकडे कुणीतरी नक्की म्हणेल की कुत्र्यांचे स्वॅब घेऊन रिपोर्ट आणा. त्याच शिफारशींमध्ये म्हटलंय की सरसकट अशा तपासण्या नकोत. बरोबरच आहे, आजचा रिपोर्ट आजचाच, उद्या तो कुठे तोंड घालेल काय माहीत. त्यापेक्षा लसी, जंतांचं औषध, पिसू-गोचीड नाही, जखम नाही, जुलाब-उलट्या नाहीत हे व्हेटकडून लिहून घ्या.

कुणाकडे न्यायचं नाही त्याची यादी डॉक्टरांकडून त्या दिवशी सकाळी घ्या, आदल्या आठवड्यात नको. पांढऱ्या पेशी रोज बदलतात, केमोवालं मूल सोमवारी चालेल आणि गुरुवारी अजिबात नाही. आयसोलेशन, बोन मॅरो ट्रान्सप्लांट, उघड्या जखमा, ताजं भाजलेलं, कुत्र्याची ॲलर्जी, दमा उफाळलेला, ही सगळी मुलं त्या दिवशी बाहेर. आणि कुणी म्हणालं की आमचा पूडल आहे त्याने ॲलर्जी होत नाही तर मान डोलवा आणि सोडून द्या. ॲलर्जी लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांची असते, केस गळत नाहीत म्हणून ती जात नाही.

---

उलटतपासणी

माफ करा पण एक विचारू का? हे सगळं नक्की कुणासाठी? मला तर दरवर्षी असल्या कार्यक्रमांचे फोटो दिसतात, मधे कुत्रा, बाजूला देणगीदार, आणि मूल कुठेतरी कोपऱ्यात मास्क लावून. एवढी धुण्यापुसण्याची यातायात करून नेमका फायदा किती होतो याचा काही पुरावा आहे की नुसतं "किती गोड" एवढंच?

---

पट्टा_हातात

फोटोंबद्दल शंभर टक्के सहमत. मी तर कॅमेरा दिसला की कुत्री घेऊन बाहेर पडते.

पुराव्याचं म्हणाल तर आहे, पण लोक सांगतात तेवढा झगमगीत नाही. नव्याने कॅन्सर निघालेल्या मुलांवर अमेरिकेत ५ हॉस्पिटलांत मिळून अभ्यास झाला, २०१८ साली छापून आला, शंभरावर मुलं होती. काहींना नेहमीचे उपचार अधिक कुत्र्याच्या भेटी, काहींना नुसते नेहमीचे उपचार. मुलांची चिंता दोन्ही गटांत कमी झाली, म्हणजे कुत्र्यामुळेच झाली असं म्हणता येत नाही. फरक पडला तो आईबापांच्या ताणात, कुत्रे येत होते त्या गटात तो कमी झाला. आणि त्यांनी कुत्र्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, पण मोजलं, त्यांना फार ताण येत नव्हता, पण त्या अशाच शांत, ठरलेल्या भेटी होत्या, पार्टी नव्हती, हे लक्षात घ्या.

मला स्वतःला यात काही कमीपणा वाटत नाही. हे सगळं सुरूच मुळी साधेपणाने झालंय. न्यूयॉर्कला बोरिस लेव्हिन्सन म्हणून मुलांचे मानसतज्ज्ञ होते, एक न बोलणारा मुलगा वेळेच्या आधी आला आणि त्यांचा कुत्रा जिंगल्स खोलीतच होता, मुलगा कुत्र्याशी रमला. १९६२ साली त्यांनी यावर लेख लिहिला तेव्हा लोकांनी चेष्टा केली होती, कुत्र्याला फीचा वाटा देता का म्हणून. जिंगल्सला कसली टोपी नव्हती आणि तो काही वाटत पण नव्हता, नुसता तिथे होता.

---

बेड_शेजारची_खुर्ची

मी आई म्हणून लिहितेय. माझी मुलगी बरेच महिने आत-बाहेर होती, त्यातला मोठा काळ आयसोलेशन. त्या मॅडमनी जो प्रश्न विचारला ना ताई, त्यांना माझा नमस्कार सांगा, कारण सणाच्या दिवशी सगळ्यात जास्त तेच टोचतं. बाहेर गाणी ऐकू येतात, बाहेरची मुलं हातात काहीतरी घेऊन काचेसमोरून जातात आणि आपलं मूल बघत बसतं.

एका ठिकाणी, नाव घेत नाही, आठवडाभर आधीपासून मुलांना सांगून ठेवलं होतं कुत्रे येणार कुत्रे येणार, भिंतीवर चित्रं लावली, आणि त्या दिवशी कळलं की अर्ध्या मुलांना परवानगीच नाही. त्यांना वगळलं याचं काही नाही, ते बरोबरच होतं, पण आधी सांगून ठेवायची काय गरज होती? माझी मुलगी दोन दिवस बोलली नाही. तेव्हा प्लीज, मुलांना त्या दिवशीच सांगा, यादी हातात आल्यावर.

आणि आतल्या मुलांसाठी करता येण्यासारखं खूप आहे. खोलीच्या काचेबाहेर कुत्रा आणून बसवता येतो, हँडलर फोनवरून मुलाशी बोलतो, मूल आतून "बस", "उठ", "गोल फिर" सांगतं आणि तो ऐकतो. लोळणारा कुत्रा काचेतून पण छानच दिसतो. काही ठिकाणी कुत्र्यांची फोटोकार्डं असतात पत्त्यांसारखी, एका बाजूला फोटो, मागे नाव, वय, आवडता खेळ, कशाला घाबरतो. "कशाला घाबरतो" हे जरूर छापा. आमच्याकडे आलेल्या कार्डावर लिहिलं होतं की त्याला व्हॅक्यूम क्लीनरची भीती वाटते आणि माझी मुलगी त्यावर इतकी हसली, नंतर प्रत्येक येणाऱ्या डॉक्टरला ते वाचून दाखवायची. फक्त कार्ड लॅमिनेट केलेलं द्या म्हणजे पुसून आत नेता येतं.

आईबापांच्या ताणाचं वर लिहिलंय ते वाचून मला अजिबात नवल वाटलं नाही. ती पंधरा मिनिटं कुणी आपल्याला रिपोर्टबद्दल काही विचारत नाही, आपण कुत्र्याचं वय विचारतो.

आणि भाऊ-बहिणींना धरा यात. सणाच्या दिवशी ती बिचारी वेटिंग रूममध्ये मोबाइल बघत बसलेली असतात, त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं.

---

खेळघरवाली_ताई

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार 🙏 मॅडमना धागा दाखवला, साबण_सिस्टर तुमचं उत्तर त्यांनी प्रिंट काढून घेतलं.

तर हॉलचा प्लॅन रद्द. आता असं ठरवतोय की सकाळी कुत्रे आणि दुपारी कार्यक्रम, मधे मोठी गॅप, म्हणजे कुत्रे निघून गेलेले असतील. एका संस्थेशी बोलणं झालंय, ते दोन जोड्या पाठवतायत. आयसोलेशनच्या काचेचं पण बघतेय, आणि कार्डं तर करणारच.

अजून तीन गोष्टी. एक, टोप्या घालायच्याच नाहीत का, आमचे साहेब त्यावर अडून बसलेत, "सणाचं काही वाटलं पाहिजे ना". दोन, सजावट आदल्या रात्रीच लागते, फुगे, झिरमिळ्या, दिव्यांच्या माळा, सगळीकडे मिठाई-चॉकलेटचे डबे, ते चालेल का. तीन, कुत्र्याला घाबरणारी मुलं, त्यांना हळूहळू जवळ आणून भीती घालवायची संधी म्हणून बघायचं का?

---

पट्टा_हातात

तिसऱ्याचं आधी. नाही. हॉस्पिटलात मुलाला रोज दहा गोष्टी नको असताना कराव्या लागतात, नाही म्हणायची सोय नसते. कुत्रा ही एक गोष्ट अशी ठेवा की मूल नाही म्हणालं तर तो खरंच येणार नाही. मी दारातूनच विचारते, "आत येऊ का?", आणि मूल नको म्हणालं की आम्ही "बरं" म्हणून पुढे जातो, चेहरा न पाडता. पाठीमागून आई म्हणते अहो या या, त्याला आवडतं, तरी नाही. खूपदा असं होतं की तेच मूल तासाभराने नर्सला विचारतं तो कुत्रा गेला का. पण त्यासाठी म्हणून करायचं नाही.

टोपीसाठी साहेबांना सांगा, पट्ट्याला एक रंगीत रिबीन किंवा गळ्यात सुती रुमाल, बास. रुमाल धुता येतो, कुत्र्याला त्याचं काही वाटत नाही आणि फोटोत पण येतो. डोक्यावर, कानावर, पायात काही नको. कान झाकले की त्याला काय म्हणायचंय ते मला अर्धं कळतच नाही.

---

जनावरांचा_डॉक्टर

सजावटीबद्दल मी सांगतो. फुगे राहू द्या पण कुत्रे जातील त्या मार्गावर नकोत. फुटलेल्या फुग्याचा तुकडा गिळला तर आतड्यात अडकतो, आणि तसंही काही मुलांना लॅटेक्सची ॲलर्जी असते, विशेषतः मणक्याची जन्मजात व्यंगं असलेल्या आणि खूप ऑपरेशनं झालेल्या मुलांना, तुमच्या डॉक्टरांना विचारा, बहुतेक ते लॅटेक्सचे फुगे नकोच म्हणतील. फॉइलचे लावा. झिरमिळ्या कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीच्या वर. दिव्यांच्या वायरी जमिनीवरून नेऊ नका, सलाइनच्या स्टँडची चाकं पण त्यातच अडकतात.

चॉकलेट कुत्र्याला विषारी, जितकं काळं आणि कडू तितकं जास्त. मनुका-द्राक्षांनी किडनी बंद पडू शकते. बिनसाखरेच्या च्युइंगगममध्ये झायलिटॉल असतं ते तर थोडंसं सुद्धा वाईट. थेरपी डॉग जमिनीवरचं उचलत नाही हे शिकलेला असतो, पण मुलं लाडाने देतात, तिथे प्रशिक्षण चालत नाही. डबे दुपारी उघडा.

पाण्याचं भांडं हँडलरने स्वतःचं आणावं, आणि कुत्र्याला दोन भेटींच्या मधे टेकायला एक रिकामी खोली द्या, तिथे कुणी "फक्त एकच फोटो" म्हणत येऊ नये. शू-शी कुठे करायची ती जागा आधी दाखवून ठेवा, हे सगळे विसरतात.

---

उलटतपासणी

ताई माझा सूर जरा तिरका होता, पण आताचा प्लॅन बरा वाटतोय. एकच सुचवतो, देणगीदारांना दुपारी बोलवा.

---

खेळघरवाली_ताई

@उलटतपासणी 😂 निमंत्रणावर दुपारचीच वेळ छापायला दिलीय. सकाळचं त्यांना माहीतच नाहीये.

@बेड_शेजारची_खुर्ची ताई, कार्डावरच्या "कशाला घाबरतो"साठी संस्थेला मेसेज टाकला होता. उत्तर आलंय, एकाला लिफ्टचा दरवाजा आणि दुसरीला शिंक, स्वतःची सुद्धा. वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर आहे, त्यामुळे लिफ्टला घाबरणाऱ्या कुत्र्याला जिन्याने आणावं लागणार, सिक्युरिटीला तेवढं सांगून ठेवते.